जासूद, डाक आणि पत्रलेखक : बंद किल्ल्यांमधले बोलणे

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. आरंभ मोबाइलपासून होतो, पण वाट नळदुर्गच्या किल्ल्यातून आणि निजामाच्या टपालातून जाते.

गेल्या दिवाळीत मी नळदुर्गला घरी होते. आई आमच्या गल्लीतील महिला बचत गटाचे हिशेब पाहते. हिशेबासाठी फोनवर एक ॲप आहे, निरोपांसाठी दुसरे. हिशेबाच्या ॲपमध्ये तिने एका सभासद बाईंचे आडनाव आणि त्यापुढे ‘थकबाकी’ हा शब्द दोन-चार वेळा लिहिला होता. दोन दिवसांनी त्याच बाईंच्या जावेला फराळाचे आमंत्रण धाडताना तिने ते आडनाव लिहिले मात्र, कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ‘थकबाकी’ येऊन उभी राहिली. बोट चुकून तेथे पडले असते तर आमंत्रण कोणत्या रूपात पोहोचले असते हे सांगायला नको. आई दचकली. “ह्या ॲपला त्या ॲपमधलं कसं काय कळालं गं?” असे तिने विचारले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. संगणकशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. तरी प्रश्न ओळखीचा वाटला. एकमेकांस बंद असलेल्या दोन घरांतील गोष्ट इकडून तिकडे जाते तेव्हा मध्ये कोणी तिसरा असतो, आणि दक्खनच्या इतिहासाची दप्तरेच्या दप्तरे या तिसऱ्याच्या कागदांनी भरलेली आहेत.

आधी फोनची रचना पाहू. अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲप बसवताना त्याला स्वतंत्र ओळखक्रमांक दिला जातो. एरवी संगणकावर जसे दोन निराळे वापरकर्ते असावेत, तशी ही ॲपे एकमेकांस परकी असतात. एकाने साठवलेला मजकूर दुसऱ्यास वाचता येत नाही. एकाच्या स्मृतीत दुसऱ्याला डोकावता येत नाही. हिशेबाच्या ॲपला निरोपाचे ॲप शेजारी आहे याचीही वार्ता नसावी, अशीच ही योजना आहे. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून तर फोनवर दुसरी कोणकोणती ॲपे आहेत हे पाहण्यासही मर्यादा आली. कोणाशी काम पडणार आहे ते ॲपने आधी लिहून द्यावे लागते.

म्हणजे फोन हा एका वाड्यापेक्षा किल्ल्यांच्या रांगेसारखा आहे. नळदुर्गकरांना हे चित्र नवे नाही. बोरी नदीच्या एका अंगास नळदुर्ग, दुसऱ्या अंगास रणमंडळ; दोहोंची तटबंदी स्वतंत्र. मध्ये नदीवर बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास हे काम झाले. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला येणारी मंडळी पाण्याची छायाचित्रे काढून परततात; हा बंधारा दोन किल्ल्यांमधला दुवाही आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाणी अडवणारी भिंत आणि माणसे जोडणारी वाट एकच असू शकते.

आता किल्ल्यांकडून दरबारांकडे जाऊ.

अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार चाळताना ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. पत्र घेऊन जाणारे जासूद दोघे मिळून निघत. वाटेत एकाचे बरेवाईट झाले तरी कागद पोहोचावा, हा हेतू उघड आहे. जासुदाने लखोटा न्यावा, उत्तर आणावे. आतला मजकूर त्याचा नव्हे. याउलट वकील. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे होते. वकील परक्या दरबारात राही, आपल्या धन्याच्या वतीने बोले, ऐकलेले लिहून कळवी. मजकूर हाच त्याचा धंदा. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईपूर्वी पुणे आणि हैदराबाद यांच्यात जो वाद धुमसत होता, तो चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीचा. (येथेही तोच शब्द! आईला हे सांगितले तेव्हा ती हसली नाही.) निजामाचे दिवाण मुशीर-उल-मुल्क यांच्याशी त्या बाकीच्या हिशेबाचे बोलणे वकिलामार्फत झाले, बिघडले, आणि लढाईनंतर त्याच दिवाणांना मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले.

जासूद आणि वकील हा भेद लक्षात ठेवावा, अशी विनंती. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

अँड्रॉइडमध्ये जासुदाचे काम करणाऱ्या यंत्रणेचे नाव बाइंडर. तिचे कुळ पाहण्यासारखे आहे. जाँ-लुई गासे यांनी १९९० साली स्थापन केलेल्या ‘बी’ नावाच्या संगणक कंपनीत तिचे बीज पडले. कंपनी टिकली नाही. २००१ साली तिची मालमत्ता हातातल्या छोट्या संगणकांसाठी प्रसिद्ध असलेल्या पाम कंपनीकडे गेली. तेथील अभियंत्यांनी ही यंत्रणा पामच्या नव्या प्रणालीसाठी वाढवली. ती प्रणाली तयार झाली, पण तिच्यावर चालणारे उपकरण बाजारात आलेच नाही. २००५ साली ओपनबाइंडर या नावाने यंत्रणा सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्या चमूतील काही मंडळी, त्यांत डायॅन हॅकबॉर्न, पुढे गूगलच्या अँड्रॉइडवर काम करू लागली, आणि त्याच कल्पनेवर नव्याने लिहिलेला बाइंडर २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये आला. लिनक्सच्या मूळ गाभ्यात त्याला कायमचे घर मिळायला मात्र २०१५ साल उजाडले. धनी दोनदा बुडाला आणि जासूद तिसऱ्या दरबारी रुजू झाला, असे म्हणता येईल. मराठेशाहीतील कारकुनांच्या घराण्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

काम चालते ते असे. फोनमध्ये ‘सर्व्हिस’ नावाचा एक प्रकार असतो. तिला पडदा नाही, बटणे नाहीत. ती पाठीमागे बसून इतरांची कामे करते. एखाद्या ॲपला तिच्याकडून काही हवे असेल तर ते तिच्याशी जोडून घेते. जोडणी होताच ॲपच्या हाती त्या सर्व्हिसचा एक प्रतिनिधी येतो. ॲप या प्रतिनिधीशी बोलते, जणू सर्व्हिस आपल्याच घरात आहे. प्रतिनिधी निरोपाची मोट बांधतो; अँड्रॉइडच्या परिभाषेत या मोटेचे नाव खरोखरच ‘पार्सल’ असे आहे. ते पार्सल बाइंडर उचलतो आणि सर्व्हिसच्या हद्दीत नेऊन ठेवतो. तेथे ते सोडले जाते, काम होते, उत्तर त्याच वाटेने परतते. दोन ॲपे एकाच सर्व्हिसशी जोडलेली असतील तर एकाची वार्ता दुसऱ्यास तिच्यामार्फत कळू शकते, आणि दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

यातील तीन बारकावे मला इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके वाटतात.

एक म्हणजे मोर्तब. पाठवणाऱ्याचा ओळखक्रमांक पार्सलावर पाठवणारा स्वतः लिहीत नाही. तो बाइंडर, म्हणजे प्रणालीचा गाभाच, लावतो. ‘मी बँकेचे ॲप आहे’ अशी बतावणी करून काही साधत नाही. जुन्या दरबारांत शिक्का पाठवणाऱ्याच्या हाती असे, म्हणून बनावट शिक्क्यांची कटकट कधी संपली नाही. शिक्का वाहकाच्या हाती द्यावा आणि वाहक कोणत्याच दरबाराचा नसावा, ही सोय जुन्या राज्यकर्त्यांना मिळाली असती तर कित्येक भानगडी वाचल्या असत्या.

दुसरी गोष्ट वजनाची. एका प्रोसेससाठी चालू पार्सलांना मिळून सुमारे १ मेगाबाइट जागा असते. त्याहून मोठे ओझे बाइंडर उचलीत नाही. छायाचित्रासारखा अवजड ऐवज निराळ्या वाटेने न्यावा लागतो.

आणि तिसरी मृत्युवार्तेची. ज्याच्याशी जोडणी केली ती प्रोसेस मध्येच मेली तर कळवावे, अशी आगाऊ विनंती बाइंडरकडे नोंदवता येते. वकिलाच्या पत्रांत परक्या दरबारातील आजारपणे इतकी का भरलेली असतात, याचा उलगडा मला हे वाचताना झाला. समोरचा जिवंत आहे की नाही, हे ठाऊक असल्याखेरीज उत्तराची वाट किती पाहावी हे ठरत नाही.

वजनाचा विषय निघाला आहे तर टपालाकडे येऊ, कारण येथे नळदुर्गची एक विलक्षण तारीख आडवी येते.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गवर नेमणूक झाली ती कर्नल मेडोज टेलर यांची; ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचे लेखक ते हेच. १८५७ पर्यंत ते येथे होते. १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला. म्हणजे सातच वर्षांचा इंग्रजी अंमल. परंतु नेमक्या याच सात वर्षांत, १ ऑक्टोबर १८५४ रोजी, हिंदुस्थानच्या टपालात क्रांती झाली. तोवर हशील अंतरावर ठरे आणि पुष्कळदा पत्र घेणाराच ते भरी. डलहौसीच्या काळातील नव्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास सर्वत्र अर्धा आणा, तोही आगाऊ, तिकिटाच्या रूपाने, असा दर ठरला. अंतराची अट गेली, वजनाची आली. वाहकाला पत्र कोणाचे, कोठले, किती महत्त्वाचे याच्याशी कर्तव्य उरले नाही. तिकीट आणि तोळा पाहिला की पुरे. जासूद धन्याचा होता. डाकवाला सर्वांचा झाला, निदान नावापुरता तरी.

नावापुरता म्हणण्याचे कारण आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने टपालाच्या नोकराने पत्र फोडणे हा गुन्हा ठरवला, आणि त्याच कायद्याच्या कलम २६ ने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेच्या कारणाने पत्र अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. वाहकाने वाचू नये, वाहकाच्या धन्याने हवे तर वाचावे. पुढे स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते आपली खरी पत्रे टपालात का टाकीत नसत, ते यावरून समजेल.

१८६० नंतर नळदुर्ग पुन्हा निजामी मुलखात आले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्हाही याच गावाच्या नावाने ओळखला जाई. मग मुख्य ठाणे धाराशिवला गेले. त्याच १८६० साली आगगाडी सोलापूरपर्यंत आली. नळदुर्गपासून सोलापूर पन्नास किलोमीटरांच्या आत. बाजार, दवाखाना, सोयरीक सारे तिकडे. पण मध्ये सरहद्द. १८६९ साली हैदराबाद संस्थानाने स्वतःची तिकिटे काढली. पुढच्या मालिकेतील तिकिटांवर किंमत अनेक लिपींत असे, त्यांत आपली देवनागरीही. तिकीट देखणे, पण चाले ते संस्थानाच्या हद्दीतच. ब्रिटिश मुलखात पत्र धाडायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लागे, आणि इंग्रजी टपालाची कचेरीही संस्थानात ठिकठिकाणी होती. दोन टपाले शेजारी शेजारी, एकमेकांस जवळजवळ अनोळखी. पन्नास किलोमीटरांवरच्या लेकीला पत्र लिहिणाऱ्या बाईला ते कोणत्या सरकारच्या पेटीत टाकावे याचा विचार करावा लागे!

याला उपाय नव्हता असे नाही. १८८५ साली शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रज टपालाशी करार केला. इंग्रजी टपालाचीच तिकिटे घ्यावीत, त्यांवर संस्थानाचे नाव रोमन व देवनागरीत छापावे, आणि ती ब्रिटिश हिंदुस्थानातही चालावीत, असा तो मामला. पतियाळा, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट येथेही असेच करार झाले. निजामाने तो मार्ग घेतला नाही. संस्थानाचा मान राखला गेला, एवढे खरे. त्या मानाचे हशील कोण भरीत होते, हे वर आलेच आहे.

जागतिक पातळीवर हाच तिढा १८७४ साली बर्न येथे सुटला होता. त्या वर्षीच्या टपाल-तहाने सभासद देशांचा मिळून एकच टपाल-प्रदेश मानावा असे ठरले. हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात सामील झाला. प्रत्येक देशाने प्रत्येक देशाशी वेगळा करार करण्याचे जंजाळ त्याने संपले. संगणकवाल्यांनाही नेमके हेच करावे लागले. दहा ॲपांना परस्परांशी बोलायचे तर पंचेचाळीस जोड्यांचे पंचेचाळीस करार होतील. मध्ये एक सामाईक सर्व्हिस ठेवली तर दहा पुरतात.

आणि करार हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. अँड्रॉइडमध्ये दोन निराळ्या ॲपांना सर्व्हिसमार्फत सविस्तर बोलायचे असेल तर आधी एक लहानसा मसुदा लिहावा लागतो. त्याच्या भाषेला एआयडीएल म्हणतात. कोणती मागणी करता येईल, तिच्यासोबत काय द्यायचे, उत्तरात काय मिळेल, एवढेच त्यात असते. मसुद्याची तीच प्रत दोन्हीकडे ठेवतात. एका बाजूने परस्पर कलमांचा क्रम बदलला तर दुसऱ्या बाजूस भलताच अर्थ लागतो; म्हणून नवे कलम शेवटी जोडावे, जुन्याला हात लावू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे.

हे वाचताना मला आमचा खंडोबा आठवला. अणदूर आणि नळदुर्गजवळचे मैलारपूर, दोन ठिकाणी खंडोबाची मंदिरे, मूर्ती मात्र एक. वर्षाचा बहुतेक काळ देव अणदूरला असतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत मैलारपूरला. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. लहानपणी मला वाटे, देवाला कागद कशाला? आता वाटते, देव एक आणि गावे दोन असतील तर कागद हवाच. दोन्ही गावांचे एकमेकांवर प्रेम आहे म्हणून नव्हे, दरवर्षी तेच शब्द पुन्हा लिहिले जातात म्हणून ही परंपरा चालली आहे.

कागद असूनही चालत नाही, अशी वेळही नळदुर्गने पाहिली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण या बाबींत ब्रिटिश काळी चालत असलेली व्यवस्थाच पुढे चालू ठेवावी, असा त्याचा आशय. कागद स्वच्छ होता. परंतु त्यामागचा तिसरा, म्हणजे दोघांनाही धाक असलेली ब्रिटिश सत्ता, आता मध्ये नव्हती. दोन्ही बाजूंनी करारभंगाचे आरोप सुरू झाले. संस्थानात रझाकारांचा उच्छाद वाढला; सरहद्दीपलीकडे, सोलापूरच्या बाजूस, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते तळ देऊन होते. ज्यांनी या भागात राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले, ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे एकेकाळचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते होते. अशा काळात सरहद्दीच्या दोन्ही अंगांना विभागलेल्या घरांतील बोलणे पुन्हा पायांवर आले. ज्याच्यावर भरवसा, त्याच्याच हाती निरोप.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आत शिरली. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी शाबूत हाती येणे ही त्या चढाईची पहिली गरज होती, आणि ७ व्या ब्रिगेडने वेगाने येऊन तो तसा घेतला. चौथ्या दिवसानंतर, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. आपल्याकडे तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. नळदुर्गच्या पुलाचा उल्लेख त्या दिवशीच्या भाषणांत क्वचित ऐकू येतो, याची मला नेहमी खंत वाटते. १ एप्रिल १९५० पासून हैदराबादचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले. नळदुर्ग ते सोलापूर, एक तिकीट.

आता आईच्या ‘थकबाकी’कडे परत.

तिच्या दोन ॲपांचे परस्परांत काहीही बोलणे झाले नव्हते. बाइंडरनेही काही फोडले नव्हते. अपराधी, अपराधी म्हणायचेच तर, कीबोर्ड होता. आपण कीबोर्डला ॲपचाच भाग समजतो. वस्तुतः तो स्वतंत्र ॲप असतो आणि पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसच्या रूपाने सर्व ॲपांना अक्षरे पुरवतो. हिशेबाच्या चौकटीत बोट टेकले की प्रणाली त्यालाच बोलावते, निरोपाच्या चौकटीतही त्यालाच. कोण शब्दामागे कोणता शब्द येतो हे तो ध्यानात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी सुचवता यावे. त्याच्या वहीत हिशेब वेगळा आणि फराळ वेगळा अशी पाने नव्हती.

म्हणजे हा जासूदही नव्हे, वकीलही नव्हे. हा टपालकचेरीबाहेर बसणारा पत्रलेखक. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रे तो लिहून देई, आलेली वाचून दाखवी. गावातील कोणाच्या लेकीला सासरी जाच आहे, कोणाचे मनिऑर्डरचे पैसे थांबले आहेत, सारे त्याला ठाऊक. लखोटा चिकटवण्यापूर्वीच मजकूर त्याच्या कानावरून गेलेला असे, म्हणून टपालाचा कोणताही कायदा त्याला लागू पडत नसे. त्याचा भलेपणा हेच काय ते संरक्षण. बहुतेक पत्रलेखक भलेच असावेत. नाही तर त्यांच्यापुढे रांगा लागल्या नसत्या.

फोनवरील पत्रलेखकाच्या बाबतीत अडचण अशी की तो कोण हे आपण पाहिलेले नसते. आईचा कीबोर्ड कोणा नातलगाने पाठवलेल्या दुव्यावरून आला होता. ‘सुंदर मराठी अक्षरे’ एवढीच त्याची ख्याती. तो सुरू करताना अँड्रॉइड स्पष्ट बजावते की हा कीबोर्ड तुम्ही लिहाल तो सर्व मजकूर, संकेतशब्द आणि कार्डाचे आकडे धरून, गोळा करू शकेल. आईच्या फोनवर ती सूचना इंग्रजीत होती. तिने ‘ओके’ दाबले. ‘ओके’ दाबल्याशिवाय फोनवर काही पुढे सरकत नाही, हा तिचा अनुभव चुकीचा म्हणता येत नाही.

प्रणालीने काही तट घातले आहेत. कीबोर्डच्या सर्व्हिसशी फक्त प्रणालीच जोडणी करू शकते. एखादे लबाड ॲप परस्पर त्याच्याकडे जाऊन वही मागू शकत नाही. ‘हा मजकूर शिकू नकोस’ अशी खूण ॲपला कीबोर्डकडे धाडता येते. पण ती विनंती आहे, सक्ती नाही. आयफोनमध्ये बाहेरच्या कीबोर्डला २०१४ पर्यंत प्रवेशच नव्हता. तो मिळाल्यावरही संकेतशब्दाच्या चौकटीत प्रणाली आपलाच कीबोर्ड आणते, आणि पूर्ण मुभा दिल्याखेरीज बाहेरच्या कीबोर्डला इंटरनेट मिळत नाही. म्हणजे पत्रलेखकाने लिहावे, पण घराबाहेर जाऊ नये. मला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. अँड्रॉइडचा मोकळेपणा मला आवडतो, मराठी लिहिण्याच्या कितीतरी सोयी त्यातूनच आल्या. परंतु त्या मोकळेपणाचे हशील सूचना वाचू न शकणाऱ्या माणसाने भरावे, हे निजामी तिकिटासारखेच झाले.

मी तो कीबोर्ड काढून टाकला आणि फोनसोबत आलेला मूळचा मराठी कीबोर्ड सुरू केला. फोनची भाषा मराठी केली, म्हणजे पुढची सूचना तरी वाचता येईल. आईने दोन दिवस कुरकुर केली. जोडाक्षरे पूर्वीसारखी पटकन उमटत नव्हती. तोवरच्या महिनाभरात त्या जुन्या वहीतून काही बाहेर गेले की नाही, हे कळण्यास आम्हांला मार्ग नाही. बँकेच्या ॲपचा संकेतशब्द बदलला. गटातील बायकांना तिने स्वतःच सारी हकीकत सांगितली, त्या आडनावाच्या बाईंसह. त्यांनी सर्वांदेखत आपला फोन आईपुढे केला आणि “माझ्यातबी बघा” म्हणाल्या. तोच कीबोर्ड निघाला. मग आणखी सहा जणींचे फोन पुढे आले.

पुढील धागा मेडोज टेलर यांच्या नळदुर्गमधील चार वर्षांवर लिहिण्याचा विचार आहे. तत्पूर्वी एक विनंती : धाराशिव, लातूर, सोलापूर भागातील कोणाच्या घरी १९५० पूर्वीचे, निजामी किंवा दोन्ही टपालांची तिकिटे असलेले पाकीट जपून ठेवले असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे कृपया पाठवावीत. आतले पत्र नको. शिक्के तेवढे हवेत.